डोळे शेवटी

महादेवप्पांनी आयुष्यात कधी स्वतःचा फोटो काढू दिला नाही. लातूरच्या गंजगोलाईत त्यांच्या ओळखीचे दोन फोटोग्राफर होते. दोघांच्या दुकानांच्या पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या आणि दोघांनीही फुकट काढतो म्हणून सांगून पाहिलं होतं. महादेवप्पा हसून टाळत. त्यांचं कारण धंद्यातलं होतं.

पाट्या रंगवण्यावर त्यांचं घर चाले. पण आसपासच्या खेड्यांत त्यांना ओळखत ते डोळे उघडणारा पेंटर म्हणून. त्या काळी पुष्कळ माणसांचा जन्मातला एकुलता एक फोटो मेल्यानंतर निघे. खुर्चीत टेकवून बसवलेला देह, गळ्यात हार, डोळे मिटलेले. तसा फोटो भिंतीवर लावणं घरच्यांना नको वाटे. मग ते महादेवप्पांना बोलावत. महादेवप्पा फोटो समोर ठेवून मोठ्या कागदावर चेहरा रंगवत आणि त्यात उघडे डोळे घालत. डोळे नेहमी शेवटी. त्यांना हात लावण्याआधी घरातल्यांना एकच गोष्ट विचारत, "भाईरून आल्यावर पहिलं कुठं बघायचे?"

डोळे घारे होते की काळे, मोठे होते की बारीक, हे ते कधी विचारत नसत.

पंचशीला सोनकांबळेला हा प्रश्न माहीत होता, कारण तो तिच्या घरी विचारला गेला होता. तिचे वडील किनवटला रेल्वेच्या लायनीवर गँगमन होते. ते वारले तेव्हा ती शाळेत होती. महादेवप्पा रंगांची पेटी घेऊन हिंडत किनवटपर्यंत आले होते. ते बौद्धवाड्यात उतरले, तिच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि मग प्रश्न विचारला. पंचशीला म्हणाली, "कंदिलाकडं बघायचे. काच काळी झालीय का म्हणून."

दुसऱ्या दिवशी चित्रातले वडील किंचित वर, खुंटीच्या दिशेने बघत होते. आईने कंदिलाची काच काढली आणि राखेने घासायला घेतली. पंचशीलाने पुढे चित्रकला शिकायची ठरवली, ती त्या काचेमुळे.

औरंगाबादहून पदविका घेऊन ती नांदेडला आली आणि हणमंतरावांच्या ब्लॉकच्या कारखान्यात लागली. वर्तमानपत्रांना आणि लग्नपत्रिकांना फोटो छापायला जस्ताचे ब्लॉक लागत. हणमंतराव फोटोची फिल्म काढत, ती उलटी करून पत्र्यावर उतरवत. पत्रा तेजाबात घालून कोरणं हे पंचशीलाचं काम. सुट्टीच्या दिवशी उरलेल्या जस्ताच्या तुकड्यांवर ती स्वतःची चित्रं करी. पत्र्याला काळं मेण लावायचं, मेणावर सुईने चित्र काढायचं, पत्रा तेजाबात सोडायचा. जिथे सुईने मेण निघालेलं असतं तिथे तेजाब धातू खातं आणि रेषा खोल होते. त्या रेषांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा. छापायला दोन रुळांमध्ये जोराचा दाब लागतो. तो तिला दुष्काळाने दिला. ऊस नव्हता, रसवंत्या बंद पडल्या होत्या. एका रसवंतीवाल्याचा हातचरक तिने घेतला आणि त्याचे रूळ लेथवर गुळगुळीत करून आणले. पहिले कित्येक छाप घेताना कारखान्यात उसाच्या रसाचा वास येई.

महादेवप्पा नांदेडला आले की कारखान्यात डोकावत. तिची झाडं, बैल, नदीतले खडक निरखून बघत. "तू बी पेंटरच की, तंगी," ते म्हणत. तंगी म्हणजे धाकटी बहीण. ते निलंग्याकडचे, त्यांच्या बोलण्यात कानडी येई. "माझा रंग वाळतो, तुझा जळतो. येवढाच फरक."

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस पडला नाही. महादेवप्पांना मात्र कामाला उसंत नव्हती. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, सगळीकडच्या पाट्यांवर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं होतं. ते पुसून जिल्हा लातूर लिहायचं होतं. बऱ्याच जुन्या पाट्याही त्यांच्याच हातच्या होत्या. उन्हाळ्यात पंचशीला त्यांच्या घरी गेली तेव्हा अंगणात अशा पाट्या ओळीने भिंतीला टेकून उभ्या होत्या. काहींवर पांढऱ्या रंगाच्या हातातून जुनी अक्षरं पुसट दिसत होती.

"तुमचं चित्र काढायला आले, अप्पा," ती म्हणाली आणि मेण लावलेला पत्रा पिशवीतून काढला.

"फोटो न्हाई ना ह्यो?"

"न्हाई. सुईचे ओरखडे हायत."

"मग काड. ओरखड्यानं कुणी मेलेलं ऐकलं न्हाई."

महादेवप्पांच्या पत्नी दानम्मा उंबऱ्यात घागर घेऊन बसल्या होत्या. टँकरची वाट बघत. त्या म्हणाल्या, "परवा मांजरानं ओरखडलं तवा तर गल्ली गोळा केली व्हती."

"मांजराला चित्रकला येत न्हाई," महादेवप्पा म्हणाले.

ते बाजेवर बसले. पंचशीलाने पत्रा मांडीवर घेतला. एरवी ती आधी कागदावर काढून मग पत्र्यावर उतरवी, पण आज तिला समोरच्या माणसावरून थेट सुई चालवायची होती. दुपार चढली. गल्लीत आवाज नव्हता. पाट्यांवरून ऊन परत येत होतं आणि त्या उजेडात महादेवप्पांचा चेहरा खालून उजळला होता, पाण्याकाठी बसलेल्या माणसाचा उजळतो तसा. डाव्या भुवईवर जुना व्रण होता, शिडीवरून पडल्याचा.

"रोज एकच सपान पडून राहिलं, तंगी," ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बोलू लागले. "मी उस्मानाबाद पुसतो. वर लातूर लिहितो. पुढच्या गावाला जातो. मागं वळून बघतो तर पाटी कोरी. येक अक्षर न्हाई. एसटी येऊन थांबते, डायवर इचारतो, पेंटर, हे गाव कुठल्या जिल्ह्यात? गाडी भरलेली, समदे माझ्याकडं बघून राहिलेत. मी म्हणतो, थांबा बाप्पा, रंग वाळू द्या."

"मग?"

"मग थांबतेत की. समदे खाली उतरतेत आन झाडाखाली झोपतेत. लई गार सावली असते."

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. मान एका बाजूला कलली, श्वास संथ झाला. पंचशीला काढत राहिली. कपाळ, व्रण, गालाची हाडं, मिशीखालचा ओठ. झोपलेला माणूस कुठेतरी गेलेला असतो आणि त्याचा चेहरा राखणीला ठेवलेला असतो, असं तिला वाटत होतं. सुईच्या मागे धातूची चकाकी उमटत जाई. कधी सुई चालते आहे आणि कधी ती नुसती बघते आहे, हे तिला नीट कळत नव्हतं. डोळ्यांच्या जागा तिने तशाच ठेवल्या. तिथे काळं मेण होतं.

टँकर आल्याचा गलका झाला तेव्हा महादेवप्पा जागे झाले.

"झालं?"

"डोळे राह्यले."

"बरोबर हाय. डोळे शेवटी." त्यांनी पत्रा हातात न घेता वाकून बघितला. "पुढल्या खेपेला ये. उघडे ठेवून बसतो."

पुढची खेप झाली नाही. मे महिन्यात निलंग्याच्या रस्त्यावर दिवसभर शिडीवर उभं राहून ते घरी आले, डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले आणि उठले नाहीत. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

बातमी पंचशीलाला गुंडप्पाकडून कळली. गुंडप्पा दानम्मांचा भाऊ, लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर होता. गाडी लावून तो तडक कारखान्यात आला, तिकिटांची पेटी गळ्यातच होती.

"दाजी गेले. परवा. काल माती दिली." मग म्हणाला, "फोटोवाल्याला बोलावलं व्हतं मी. बसवलं तसा काडून घेऊ म्हणलं, येकतरी आठवण. अक्कानं त्याला दारातनं घालवून दिलं. म्हणली, ज्यानं समद्यांचे डोळे उघडले त्याचा मिटल्या डोळ्यांचा फोटो न्हाई निघायचा."

"बरोबर केलं."

"बरोबर केलं, पर आता घरात त्यांचं काईच न्हाई. तुझ्याकडं ते जस्ताचं हाय म्हणून अक्का आशेला लागलीय. डोळे घालून दे म्हणून सांगितलंय. म्हणली, घरात माणूस बघणारा पायजे."

पंचशीला दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीने लातूरला गेली. घर म्हणजे एक लांबट खोली. दार एका कोपऱ्याला, चूल दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोन्हींच्या मध्ये भिंतीवर एक नवा खिळा. खिळ्यासमोर उभं राहिलं की दार उजव्या हाताला येई आणि चूल डाव्या.

तिला तो प्रश्न विचारायला अवघड गेलं. दानम्मांनी तो शेकडो वेळा दुसऱ्यांना विचारलेला ऐकला होता. त्याच म्हणाल्या, "इचार की. त्यांनी इचारलं असतं."

"भाईरून आल्यावर पहिलं कुठं बघायचे, मावशी?"

दानम्मांनी चुलीकडे हात केला. "इकडं. चूल पेटली का न्हाई ते न्हाई हं. मी बसलेली हाय का ते. नसले तर चप्पल न काडता परत भाईर. गल्लीत हाका. लगीन झालं तवाची सवय. येकदा मी माहेरी निघून गेले व्हते न सांगता."

पंचशीलाने खिळ्यासमोर उभं राहून पुन्हा एकदा बघितलं. चूल डावीकडे.

नांदेडला तिने खिडकी लावून घेतली आणि पत्रा समोर ठेवला. डोळे काढायला वेळ लागला नाही. ते तिला दिसत होते: उन्हातून अंधाऱ्या खोलीत आलेले, अजून नीट न सरावलेले, बाहुल्या डावीकडे, चुलीच्या बाजूला. तिने सुई ठेवली आणि पत्रा तेजाबात सोडला.

रेषांवर बुडबुडे धरू लागले. कबुतराच्या पिसाने ती ते हलवत राहिली. बुडबुडे बसले की चेहरा उमटे, पीस फिरलं की मावळे, पुन्हा उमटे. गावात पाणी नव्हतं आणि तिच्या समोरच्या कुंडात एक माणूस तळाशी झोपून वर बघत होता. शेवटी तिने पत्रा बाहेर काढला आणि बेताच्या पाण्याने धुतला.

छाप काळाभोर आला. डोळे जिवंत होते. हणमंतरावांनी चष्मा लावून बघितला आणि चहा मागवला. चहा ते चांगल्या कामालाच मागवत. दोघांनीही छाप टेबलावर ठेवून बघितला होता आणि टेबलाला ना दार होतं, ना चूल.

लातूरला गुंडप्पाने चौकट खिळ्याला अडकवली. दानम्मा चुलीपाशी जाऊन बसल्या, पदर सावरला आणि वर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"माणूस त्योच हाय," त्या म्हणाल्या. "पर हे आलेले न्हाईत. निघालेत."

पंचशीला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चौकटीतले महादेवप्पा दाराकडे बघत होते. सगळं लक्ष बाहेर, गल्लीत, रस्त्यावर.

"आन ह्यो व्रण इकडचा तिकडं कसा गेला, पोरी?"

तेव्हा तिला कळलं. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं येतं. कारखान्यात तिच्या हाताखालून शेकडो ब्लॉक गेले होते, पण फिल्म उलटी करायचं काम हणमंतरावांचं. तिच्या हाताला ती सवयच लागली नव्हती. तिच्या झाडांना आणि खडकांना डावं-उजवं नव्हतं.

"माझं चुकलं, मावशी. उलटं झालं."

"त्यात काय येवढं," गुंडप्पा म्हणाला. "समोरच्या भिंतीला लावू. तिकडनं बरोबर चुलीकडं बघतील."

"त्या भिंतीतनं ते कधी आले व्हते?" दानम्मा म्हणाल्या.

दानम्मांनी स्वतःच उठून चौकट उतरवली आणि धान्याच्या कणगीला तोंड करून ठेवली. "निघालेला माणूस रोज डोळ्यासमोर न्हाई ठेवायचा मला," त्या म्हणाल्या. "त्यापरीस भिंत रिकामी बरी."

पंचशीलाला दुसरा पत्रा करता आला असता. पण समोर बसणारा माणूस नव्हता, आणि ते डोळे पुन्हा तसेच उघडतील याची खात्री तिला नव्हती. एकच वाट होती. ताज्या, ओल्या छापावर दुसरा ओला कागद ठेवून दोन्ही पुन्हा चरकातून काढायचे. थोडी शाई दुसऱ्या कागदावर जाते आणि उलटं झालेलं सुलटं होतं. पण फिकट येतं.

"किती फिकट?" दानम्मांनी विचारलं.

"लई. आलं तर आलं."

"मी बी येते. मला बघायचंय कसे वळतेत ते."

गुंडप्पाच्या गाडीत दानम्मा खिडकीशी बसल्या. मृग लागला होता आणि आभाळात काही नव्हतं. प्रत्येक फाट्यावर त्या पाटी बघत. वाचता येत नव्हतं, पण हात ओळखत होत्या. "हे त्यांचं," त्या म्हणत. "हे बी त्यांचं." एका फाट्यावर म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाचं तरी. पोट बघ अक्षराचं, उपाशी हाय." पुढे जिल्हा बदलला आणि त्या बोलायच्या थांबल्या. विष्णुपुरीजवळ धरणाच्या कामाची धूळ रस्त्यावरून वाहत होती आणि तिच्यातून माणसं चालत येत होती, आधी नुसते आकार, मग माणसं.

कारखान्यातला नळ आदल्या दिवशी येऊन गेला होता. एक घागर शिल्लक होती. दोन कागद नीट भिजायला परात भरून पाणी लागणार होतं. पंचशीला घागरीकडे बघत उभी राहिली.

"वत की," दानम्मा म्हणाल्या. "त्यांच्या आंघोळीला ह्याच्यापरीस जास्त लागायचं."

हणमंतरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पंचशीलाने पत्र्याच्या रेषांत नेहमीपेक्षा जास्त शाई भरली, जाळीच्या कापडाने कमी पुसली. पहिला कागद चरकातून निघाला. काळा, ओला, दाराकडे बघणारा. वेळ न घालवता तिने त्याच्यावर दुसरा कागद अंथरला, वर जाड लोकरीचा नमदा टाकला. दांडा फिरवायला हणमंतराव पुढे झाले, पण दानम्मांनी तो आधीच धरला होता. दोघांनी मिळून फिरवला. चरक कुरकुरला. उसाच्या रसाचा वास आता येत नव्हता, तरी पंचशीलाला क्षणभर आला.

तिने वरचा कागद एका कोपऱ्याला धरून हळूहळू उचलला.

आधी काही दिसलं नाही. मग करडेपणातून कपाळ आलं. मग गालाची हाडं, मिशी. डाव्या भुवईवर व्रण. चेहरा इतका पुसट होता की नजर हटवली तर जाईल असं वाटत होतं. आणि त्या पुसटपणात डोळे तेवढे ठाम होते, बाहुल्या डावीकडे.

"फारच फिकं आलं," हणमंतराव हळू आवाजात म्हणाले. "आणखी एक घेऊन बघू का? पाणी मी आणतो कुठून तरी."

पंचशीला दानम्मांकडे बघत होती. दानम्मा कागदाच्या डाव्या बाजूला सरकल्या. तिथे टेबलाच्या कडेला जमिनीवर बसल्या, चुलीपुढे बसतात तशा, आणि मान वर केली.

"आस्सेच यायचे," त्या म्हणाल्या. "चुना, धूळ, ऊन. समदं तोंडावर. मीच म्हणायची, आधी पाणी मारा तोंडावर, वळखू येईना झालात." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग हणमंतरावांना म्हणाल्या, "दुसरं नगं. ह्येच."

काळा छाप टेबलावरच होता. हणमंतरावांनी तो उचलून उजेडात धरला. "हा आरशातला झाला," ते म्हणाले. "दाढी करताना त्यांना स्वतःला दिसत असेल तो."

"मग तो मला कशाला? त्यांनीच बघितला असंल," दानम्मा म्हणाल्या. "तू ठेव, पोरी. तुमच्या धंद्यातला हाय. कामावर निघालेला."

परातीतलं पाणी पंचशीलाने दाराबाहेरच्या लिंबाला घातलं. काळा छाप तिने खिडकीशेजारी, त्याची नजर खिडकीबाहेर जाईल असा टाचला.

फिकट छाप वाळायला वेळ लागला. दोन दिवसांनी गुंडप्पाने तो वर्तमानपत्रात गुंडाळून, कंडक्टरच्या जागेवर मांडीवर धरून लातूरला नेला. पंचशीला आणि दानम्मा मागच्या बाकावर होत्या. घरी पोचल्यावर त्याने कणगीपाशी ठेवलेल्या चौकटीत जुन्या छापाच्या जागी हा बसवला, चौकट खिळ्याला लावली आणि बाजूला झाला. खोलीत अंधार होता. दारातून ऊन आत पडलं होतं, आणि त्याच्या कडेला, भिंतीवर, कुणीतरी नुकतंच आत येऊन उभं होतं.

दानम्मा चुलीपाशी बसल्या. वर बघितलं. पुन्हा उठून थोड्या सरकून बसल्या. पुन्हा बघितलं.

"बरोबर हाय का, अक्का?" गुंडप्पाने विचारलं.

"खिळा वीतभर खाली घे," दानम्मा म्हणाल्या. "येवढे उंच न्हवते ते."